रंगाकडून कापलेली कांब

त्या शनिवारी नऊ वाजायच्या आत कप्तान वर्कशॉपच्या दारात उभे होते. हातात मोडका आर्म, तोंडात तक्रार.

"मिस्त्री, तुमच्या राज्यात आमचा ट्रॅक्टर लंगडा झाला."

"माझ्या राज्यात नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "तो आर्म तुम्ही घरी बसून केलेला. पाइपाचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, पाइपाचा आर्म म्हणजे भोपळ्याचा देठ."

"म्हणाला असाल. लेखी कुठं दिलंत?"

कप्तान आयुष्यात कशाचेही कप्तान नव्हते. हात पाठीमागे बांधून चालायची आणि दिसेल त्याला हुकूम सोडायची सवय, तेवढ्यावर हे नाव पडलं होतं. त्यांनी चार वर्षं खपून परसात एक ट्रॅक्टर बांधला होता. इंजिन जुन्या पंपाचं, गिअरबॉक्स भंगारातल्या ट्रकचा, बसायला न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची. अशा ट्रॅक्टरला बाजारातला कुठलाच पार्ट बसत नाही. प्रत्येक तुकडा करून घ्यावा लागतो, आणि त्यातले निम्मेअधिक माझ्या वडिलांच्या हातचे होते.

आर्म म्हणजे पुढच्या चाकाच्या खुंटाला जोडलेला वीतभर लांबीचा दांडा. स्टिअरिंग फिरवलं की एक लांब सळई या दांड्याला ढकलते आणि चाक वळतं. तो मोडला तर हातातलं स्टिअरिंग नुसतं गरगर फिरतं आणि चाक त्याच्या मर्जीने जातं. कप्तानांचा आर्म परसातच मोडला होता. ट्रॅक्टर त्यांच्या बायकोच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन थांबला.

"कोंबड्या?" मी विचारलं.

"कोंबड्या शहाण्या. त्या आधीच उठून गेल्या होत्या. काकू मात्र अजून बसून आहे, तोंड फुगवून."

बाबा हसले. मी दर शनिवारी त्यांच्या मदतीला असायचे. एरवी मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. म्हणून बाबा मला पंडित म्हणत. शनिवारी पंडित लोखंडाचा कीस झाडायची, कांबी उचलून द्यायची, करवतीच्या मशीनवर तुकडे कापायची आणि मधल्या वेळात खिडकीपाशी स्टुलावर बसून पुस्तक वाचायची.

"पंडित, निळी कांब काढ. जाडीला दीड इंच."

इथे मला रॅकबद्दल सांगायला हवं. भिंतीला लागून लोखंडी रॅक होता, त्याला तीन कप्पे. पिवळ्या कप्प्यात नरम पोलाद. ते वाकतं, पण वाकताना दिसतं, म्हणजे सूचना देतं. लाल कप्प्यात कडक पोलाद, छिन्न्यांसाठी आणि पिनांसाठी. ते वाकत नाही, एकदम मोडतं. त्याला वेल्डिंग करायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. केलं तर सांधा टिकतो आणि सांध्याच्या शेजारी, आतल्या आत, तडा जातो. निळ्या कप्प्यात या दोघांच्या मधलं. आर्मसाठी तेच. ताकद पुरेशी, आणि आधी तापवून, नंतर राखेत हळूहळू निववलं तर वेल्डिंगही सोसणारं.

पण तिन्ही दिसायला सारखीच. तोच करडा रंग, तेच वजन. म्हणून प्रत्येक कांबेच्या एका टोकाला रंगाचा पट्टा असायचा, आणि दुसरा नियम असा की कापायचं ते नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून. रंग शेवटच्या तुकड्यापर्यंत राहिला पाहिजे. मी अकरा वर्षांची असताना एकदा रंगाकडून कापलं, तेव्हा बाबांनी मला मारलं नव्हतं. त्या कांबेचा उरलेला सगळा भाग त्यांनी माझ्यादेखत भंगारात टाकला. मारलं असतं तर मी विसरले असते.

निळ्या कप्प्यात दीड इंची एकच कांब होती, दीड वीत लांबीची. मी ती काढून बाकावर ठेवली. बाबांनी तिचं एक टोक अंगठ्याने चाचपलं, मग दुसरं.

"ही नागडी कुणी केली?"

मी गप्प राहिले.

मला माहीत होतं कुणी केली ते. बुधवारी संध्याकाळी छापखान्यातून येताना मी वर्कशॉपवर थांबले होते. बाबांना दोन पिनांसाठी लाल कांबेचे तुकडे हवे होते. कांब मशीनवर ठेवली तेव्हा तिचं रंगाचं टोक करवतीकडे आलं होतं. तेवढी जड कांब उचलून फिरवायची, परत चिमट्यात धरायची. मी दमले होते. मी रंगाकडून कापलं. लाल पट्टा तुकड्यांबरोबर गेला. उरलेली कांब मी रॅकवर ठेवली, पण कुठल्या कप्प्यात, ते मला शनिवारी आठवेना. लाल कप्प्यात ठेवली असेल, असं वाटत होतं. लाल कप्पा गच्च भरलेला होता, हेही दिसत होतं.

"मीच केली असेन," बाबा म्हणाले. "म्हातारपण."

"आता हे म्हातारपण आमच्या आर्मला लावू नका," कप्तान म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण कप्तान समोर उभे होते, आणि बत्तीस वर्षांच्या बाईला अकरा वर्षांच्या मुलीसारखी बोलणी खाताना त्यांनी पाहावं, हे मला नको होतं. इतकं क्षुल्लक कारण होतं. याहून मोठं कारण मी नंतर शोधून पाहिलं. सापडलं नाही.

बाबांनी कांब ग्राइंडरकडे नेली. रंग गेला की ठिणग्या विचारायच्या, हा तिसरा नियम. फिरत्या चाकाला कांब टेकवायची आणि ठिणग्या पाहायच्या. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब आणि साध्या, टोकाशी एखादी काडी फुटते. निळ्याच्या टोकाशी मोजकी फुलं. लाल पोलाद चाकाला लागताच झुडपासारखं फुटतं, फुलंच फुलं. माझ्या लहानपणी बाबा मला हे दिवाळखोर पोलाद म्हणून दाखवत: "बघ, सगळं इथल्या इथे उडवून टाकतं."

त्यांनी दार लोटलं, अंधार केला, चाक सुरू केलं.

"बोल, पंडित. फुलं किती?"

मी ठिणग्यांकडे पाहणार होते. त्याआधी माझी नजर त्यांच्या चेहऱ्याकडे गेली. ठिणग्यांच्या उजेडात तो स्वच्छ दिसत होता. बाबांनी मान तिरपी केली होती, कोंबडी दाणा बघते तशी, एका डोळ्याच्या कडेने. मग दुसऱ्या बाजूला तिरपी केली. डोळे ठिणग्यांवर नव्हते. ते ठिणग्यांच्या आजूबाजूला काहीतरी शोधत होते. त्यांना समोरचं दिसत नव्हतं.

गेल्या काही महिन्यांतलं सगळं एकदम जागेवर बसलं. वर्तमानपत्र मला वाचायला सांगायचे, "तुझा आवाज चांगला" म्हणून. चहात साखर बोटाने चाचपून घालायचे. मोजपट्टीवरचे आकडे मला विचारायचे आणि वर म्हणायचे, "बघू, पंडितला येतं का." मी परीक्षा समजून उत्तरं देत होते.

"पंडित? झोपलीस?"

"बेताची," मी म्हणाले.

"म्हणजे निळीच." त्यांनी चाक बंद केलं. दार उघडलं. त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला.

करवतीवर कांब कापताना ते एकदा थांबले. "जरा कडक लागतेय हो."

"पातं जुनं झालंय मिस्त्री, तुमच्यासारखं," कप्तान म्हणाले.

बाबांनी पातं बदललं. नव्या पात्याने तुकडा निघाला. मग त्यांनी शेगडीवर तो तापवला, कप्तानांनी काढून आणलेल्या खुंटाला जोडला, वेल्डिंग केलं. त्यांचे हात इतके सरावलेले होते की डोळ्यांची उणीव कुणाला कळली नसती. वेल्डिंग झाल्यावर आर्म राखेच्या पेटीत पुरून ठेवला. चारच्या सुमारास कप्तानांनी तो पोत्यात गुंडाळून सायकलला बांधला. अजून कोमट होता.

"माझ्यामागेही टिकेल," बाबा म्हणाले.

"तुमच्यामागे कशाला, माझ्यामागेही टिकू दे. काकूला तो विकता येईल."

घरी जाताना मी बाबांना डोळ्यांबद्दल विचारायचं ठरवलं होतं. त्यांनी वाटेत सगळा वेळ कोंबड्यांची नक्कल केली. उद्या विचारू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला बाबा गेले. अर्धी दाढी झाली होती. आईने चहाला दोनदा हाक मारली, तिसऱ्या खेपेला ती चिडून उठली आणि न्हाणीघराच्या दारातच खाली बसली. नळ चालू होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. सगळ्यांना हेच सांगतात, की बाबांच्या बाबतीत ते खरंच होतं, हे मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात घरात माणसं येत-जात राहिली. मामा आले, आत्या आली, बाजारपेठेतले दुकानदार आले. प्रत्येकजण एक वाक्य बोलून जायचा आणि आई मान डोलवायची. "मिस्त्रींचा पार्ट कधी परत आला नाही." आई ते वाक्य पुढच्या माणसाला सांगायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती ते मला सांगू लागली, जणू मी परकी होते. "चाळीस वर्षांत एक पार्ट परत आला नाही गं त्यांचा." तिला धरून ठेवायला तेवढंच होतं. कप्तानही येऊन गेले. दारात उभे राहून ढसाढसा रडले आणि जाताना म्हणाले, "आर्म एकदम झकास बसलाय. मिस्त्रीच्या हातचं शेवटचं काम. मी तो रंगवणारही नाही."

मी त्यांना चहा दिला. तेव्हासुद्धा मला भीती नव्हती. दुःखात भीतीला जागा नसते असं मी कुठेतरी वाचलं होतं. ज्याने ते लिहिलं, त्याला एवढं कळलं नसावं की भीती नुसती उशिरा येते.

त्यानंतरच्या मंगळवारी आईने मला वर्कशॉपची किल्ली दिली. "त्यांचा दुसरा चष्मा तिथं आहे. घेऊन ये. मला तो घरात हवाय."

चष्मा बाकाच्या खणात होता. त्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, सात महिन्यांपूर्वीची, चार घड्या घातलेली. त्यांना माहीत होतं तर. मी खण बंद केला. मग खाली पाहिलं. करवतीच्या मशीनखाली त्या कांबेचा उरलेला तुकडा पडला होता, चार बोटं लांबीचा. दोन्ही टोकं करडी.

मी तो उचलला. उचलायला नको होता असं त्या क्षणी वाटलं; अजून ठेवून देता येत होता. दार लोटलं. ग्राइंडर सुरू केला. तुकडा चिमट्यात धरून चाकाला टेकवला.

फुलंच फुलं. चाकापासून वीतभर अंतरावर सगळं झुडूप पेटल्यासारखं फुटत होतं.

मी चाक बंद केलं. मला चुकीचं दिसलं असेल. रॅकवरून निळ्या पट्ट्याची एक बारीक कांब काढली, तिच्या टोकाला चाक लावलं. टोकाशी मोजकी फुलं, बेताची. मग लाल पट्ट्याची. झुडूप. मग पुन्हा तो तुकडा. झुडूप. तुकडा चिमट्यातून सुटून चाकावर आपटला आणि भिंतीवर जाऊन आदळला. छापखान्यात मी एकच ओळ तीनदा वाचते, चूक सापडेपर्यंत. इथे तीनदा पाहूनही ओळ बदलली नाही.

तो आर्म लाल पोलादाचा होता. त्याला वेल्डिंग झालं होतं. दहा दिवस तो कप्तानांच्या चाकाला होता.

मी कप्तानांना फोन लावला. खूप वेळाने काकूंनी उचलला.

"काका कुठं आहेत?"

"खाणीवर. परसाला भिंत घालतायत ना. सकाळपासून दोन खेपा झाल्या. फोन घरीच टाकून गेलेत. का गं? आई बरी आहे ना?"

"ट्रॅक्टर घेऊन गेलेत?"

"मग काय दगड खिशातून आणणार?"

खाण टेकडीवर होती. तिथून खाली येणारा रस्ता मैलभर उताराचा, आणि उतार जिथं संपतो तिथं एक वळण. वळणावर ओळीने घरं, दारं थेट रस्त्यावर उघडणारी. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले होते. माणसं उंबऱ्यावर बसून भाजी निवडत, कपडे वाळत घालत, केस विंचरत. ट्रॉलीत दोन टन दगड असतील. ते मागून ढकलत असतील. वळणावर कप्तान स्टिअरिंग फिरवतील.

मी स्कूटर काढली. ग्राइंडर बंद केला की नाही, दाराला कुलूप लावलं की नाही, काहीच आठवेना. पुढे सगळ्या रस्त्याने मला एवढंच आठवत होतं की आठवत नाही. वाटेत एके ठिकाणी माणसं घोळका करून उभी होती. फेरीवाल्याशी भाव करत होती. पुढे एका वळणावर धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला आणि मी ब्रेक दाबला. कुणीतरी पत्रा उतरवत होतं. त्या दिवशी जगातला प्रत्येक आवाज त्या आर्मचा होता.

उताराखालच्या वळणावर कुणी नव्हतं म्हणावं तर सगळे होते. एक बाई उंबऱ्यात बसून बाळाला तेल लावत होती. एक आजोबा खुर्ची रस्त्याच्या कडेला आणून उन्हात डुलक्या घेत होते. मी थांबून त्यांना आत जायला सांगणार होते. काय सांगणार होते? मी स्कूटर उभी केली, आणि तेवढ्यात वरून इंजिनाचा आवाज आला. पंपाचं इंजिन, थुड थुड थुड. उतारावर ट्रॅक्टर दिसला. न्हाव्याच्या खुर्चीत कप्तान ताठ बसले होते. मागे ट्रॉली, काठोकाठ दगड.

मी हात हलवले. ओरडले. त्यांनी मला पाहून हात उंचावला, हसून. एका हाताने स्टिअरिंग धरलं होतं.

मग ते वळणावर आले. मी त्यांच्या पुढच्या डाव्या चाकाकडे पाहत होते, फक्त तेवढ्याच चाकाकडे. ते वळलं. सावकाश, आज्ञाधारक, जसं वळायला हवं तसं. ट्रॅक्टर आजोबांच्या खुर्चीपासून हातभर अंतराने गेला. आजोबा जागे झाले नाहीत.

मी मागोमाग त्यांच्या परसात पोचले.

"ये पोरी," कप्तान खाली उतरत म्हणाले. "रस्त्यात कसली कवायत करत होतीस?"

"काका, ट्रॅक्टर परत नेऊ नका. आर्म तपासायचाय."

"कुठला आर्म? मिस्त्रीचा?" ते हसले. "अगं, बाकी सगळा ट्रॅक्टर मोडेल, तो आर्म राहील. एक खेप उरलीये, ती टाकून येतो. मग बस चहाला."

"आता. खेपेआधी."

"काय झालंय तुला? चेहरा बघ कसा झालाय."

"जेवलीस का?" काकू म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ.

कप्तान खुर्चीकडे वळले. पाय वर ठेवला. खरं सांगायला हवं होतं. दुसरंच बाहेर पडलं.

"बाबांनी सांगितलं होतं. जायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, दहा दिवसांनी जाऊन आर्म तपासून ये. मी विसरले."

कप्तानांनी पाय खाली घेतला. त्यांचे डोळे भरून आले. मेलेल्या माणसाच्या शब्दापुढे जिवंत माणसाची घाई टिकत नाही.

"असं म्हणाला? मग आधी सांगायचं नाही का? अगं, घासलेट आण. आणि पोरांच्या पाटीवरचा खडू असेल तर बघ."

तडा बघायची ही जुनी रीत. चिखल पुसायचा, धातू घासून चकाकता करायचा, त्यावर घासलेट चोपडायचं आणि पाव तास थांबायचं. मग कोरड्या फडक्याने पुसून खडू घासायचा. धातू अखंड असेल तर खडू पांढरा राहतो. तडा असेल तर आत मुरलेलं घासलेट बाहेर येतं.

तो पाव तास आम्ही तिघं परसात उभे होतो. काकू कोंबड्यांना हाकलत होत्या. कप्तान बाबांच्या गोष्टी सांगत होते, एकदा बाबांनी त्यांना कसं फसवून चौपट जाडीची पिन लावली त्याची. मी हसत होते, योग्य ठिकाणी. मनात मी एकच म्हणत होते, पांढरा राहू दे. राहिला असता तर मी काहीच बोलले नसते, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. मी घरी गेले असते आणि जन्मभर पांढऱ्या खडूवर निभावून नेलं असतं.

कप्तानांनी फडक्याने आर्म पुसला. खडू घासला. मागे सरकले.

सुरुवातीला काही नव्हतं. मग वेल्डिंगच्या शेजारी, अगदी शेजारी, पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक ओली रेघ उमटली. हळूहळू पुढे सरकत गेली, आर्मच्या वरच्या अंगाने वळून खाली. अर्ध्याहून जास्त फेरा तिने घेतला होता. उरलं होतं ते बोटभर.

कप्तान जमिनीवर बसले. एकदम. मग त्यांनी उताराच्या दिशेने पाहिलं.

"आणखी एक खेप," ते म्हणाले. "एकच. आणि मी एका हाताने..."

"अहो, नका," काकू म्हणाल्या.

"बघ ना गं. माणूस गेला आणि जाताना वाचवून गेला. त्याला कळलं होतं. शेवटपर्यंत त्याचं लक्ष कामात." त्यांनी डोळे पुसले. "मी गावभर सांगणार आहे हे."

काकू रेघेकडे पाहत होत्या. त्या खाली वाकल्या, बोटाने रेघ पुसली, पुन्हा उमटायची वाट पाहिली. मग सरळ उभ्या राहिल्या.

"मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. त्यांना शंका होती, तर दिला कशाला?"

"काकू," मी म्हणाले.

"नाही, मला कळू दे. दहा दिवस हा माणूस त्या उतारावरून ये-जा करतोय. परवा मी मागे बसून आले. शंका असलेली वस्तू कुणी पोत्यात बांधून देतं का? आणि वर मुलीला सांगून ठेवतात, दहा दिवसांनी बघ. दहा दिवस आम्ही काय देवाच्या भरवशावर?"

मी कप्तानांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी बायकोला गप्प करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. प्रश्न त्यांच्या आत उतरत होता. मग हळूच, जणू बाबांची बाजू घेत, ते म्हणाले, "वय झालं होतं गं त्याचं. डोळेही गेले होते. मला दिसत होतं ते. द्यायला नको होता त्याने, पण... माझ्या घाईपायी दिला असेल. जाऊ दे."

जाऊ दे, असं ते म्हणाले. आणि मला दिसलं की आता हेच राहणार. पेठेत हेच सांगितलं जाईल, हळहळून, चांगल्या मनाने: मिस्त्री चांगला होता, शेवटी शेवटी मात्र जाणूनबुजून खोटा माल द्यायला लागला होता. कधीतरी कुणीतरी ते आईपर्यंत नेईल. मला फक्त गप्प राहायचं होतं. शनिवारी राहिले होते तसंच.

"पोरी, रडू नकोस," काकू म्हणाल्या. "तुला नाही बोलले मी."

मी रडत नव्हते. मला भीती वाटत होती. उतारावर वाटली त्याहून जास्त. मी ट्रॅक्टरच्या चाकाला धरलं.

"बाबांना शंका नव्हती," मी म्हणाले. "तपासून ये, असं ते म्हणालेच नव्हते. ते मी आत्ता रचलं. ती कांब लाल होती, आणि तिचा रंग मी कापून टाकला होता. बुधवारी. ती फिरवायचा मला कंटाळा आला म्हणून. त्यांनी विचारलं, कुणी कापली, तेव्हा तुम्ही तिथेच होता काका, आणि मी बोलले नाही. ते म्हणाले, मीच कापली असेन. मी त्यांना तसं म्हणू दिलं. त्यांना दिसत नव्हतं, हे मला ग्राइंडरपाशी कळलं. त्यांनी मला विचारलं, फुलं किती. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. मी बेताची म्हणाले, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी ठिणग्यांकडे पाहिलंच नव्हतं."